दाजींनी पेस्टमध्ये पाणी ओतलं

माझ्या ताईचा नवरा कुठल्याही विषयावर बोलू शकतो. रस्ते, बँका, गुडघेदुखी, आंब्याचा मोहोर, काहीही. विषयाची थोडी माहिती असली तर त्यांचं बोलणं जरा अडखळतं. अजिबात नसली तर सुरळीत चालतं. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मीही कान देऊन ऐकायचे, कारण मुंबईत राहणारा माणूस म्हणजे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असणार अशी पोलादपूर तालुक्यातल्या आम्हा मुलींची समजूत होती. पुढे मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, महाडच्या एमआयडीसीत नोकरीला लागले, आणि दाजी माझ्या विषयावरही बोलायला लागले. तेव्हापासून मी त्यांचं काहीच ऐकत नाही.

आमच्या कारखान्यात शाम्पूचा आणि भांडी घासायच्या लिक्विडचा मूळ माल तयार होतो. फेस आणणारा, तेलकटपणा सोडवणारा पदार्थ. पुस्तकात त्याला सर्फॅक्टंट म्हणतात, कारखान्यात सगळे त्याला नुसतं पेस्ट म्हणतात. मी प्रयोगशाळेत बसून प्रत्येक बॅचचा नमुना तपासते. लग्नकार्यात भेटणाऱ्या बायकांचा मला पहिला प्रश्न असतो, साबण फुकट मिळतो का, आणि दुसरा, लग्न का नाही केलंस. दोन्हीची उत्तरं मी एकाच शब्दात देते.

ही पेस्ट दिसायला पातळ श्रीखंडासारखी, मोत्यासारखी चमक असलेली. तिच्यात पाणी कमी आणि माल जास्त, तरी ती वाहते, पंपाने ओढता येते. इथेच शहाणी माणसं फसतात. कारखान्यात नवीन आलेला प्रत्येक इंजिनिअर कधी ना कधी माझ्या टेबलाशी येऊन म्हणतो, मॅडम, जरा पाणी मारून अजून पातळ करूया का? एकाने तर न विचारताच मारलं. पाइपात माल असा बसला की पाइप सोडवून गरम पाण्याने धुवावे लागले. त्यानंतर त्याने मीटिंगमध्ये त्यावर इंग्रजीत प्रेझेंटेशन दिलं आणि टाळ्या घेतल्या. अशा माणसांची मला सवय आहे. पण ती माणसं घरी जेवायला येत नाहीत. दाजी येतात.

गेल्या थंडीत दाजी मुंबई सोडून आमच्या गावी आले. कंपनी बंद पडली की यांनाच काढलं, हे आम्हाला अजून नीट कळलेलं नाही. दाजींच्या भाषेत त्यांनी ‘कॉर्पोरेट सोडलं’. स्वतःच्या गावी भावांशी पटत नाही म्हणून ते सासुरवाडीला आले. उमरठच्या रस्त्याला आमचं गाव, बाबा गेल्यावर गुरं विकली, त्यामुळे गोठा रिकामा. त्या गोठ्यात दाजींना उद्योग दिसला. भांडी घासायचं लिक्विड तयार करायचं, कशेडीच्या पायथ्याच्या धाब्यांना आणि महाबळेश्वरच्या हॉटेलांना द्यायचं, गावातल्या बायांना काम मिळवून द्यायचं. हे सगळं त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकून घेतलं होतं. घरात एक मेव्हणी गेली कित्येक वर्षं नेमकं हेच काम करते आहे, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. किंवा आली असेल, पण मेव्हणीला विचारायचं म्हणजे काय?

मला बातमी लागली काकीकडून. काकी म्हणजे माझ्या चुलत्यांची बायको, गावातल्या बचत गटाची अध्यक्ष. गटाने तोवर पापड केले होते, मसाले केले होते, आणि दोन्ही विकलेही होते. रविवारी मी महाडहून घरी गेले तेव्हा ती मला म्हणाली, “तू त्यातलीच हायस ना गो? मग तूच सांग ना बायांना कसं करायचं ता.”

“मला कुणी विचारलंय?”

“मी इचारते ना.”

म्हणून मी पडवीत गेले. दाजी हाताच्या खुर्चीत बसले होते. आमच्या घरात तशी एकच खुर्ची आहे आणि ती जावयाची. ताई खाली बसून लसूण सोलत होती. मी म्हटलं, “दाजी, पेस्ट आणताय म्हणे. एक लक्षात ठेवा. पेस्टमध्ये पाणी ओतू नका. मोठ्या पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात पेस्ट थोडी थोडी सोडा, ढवळत ढवळत.”

दाजी हसले. दाजींचं हे हसू मी ओळखते. समोरच्याला स्वतः लहान असल्यासारखं वाटावं म्हणून ते हसतात.

“अगं, दुधात पाणी घातलं काय आणि पाण्यात दूध घातलं काय. शेवटी मिक्सच होणार ना? सिंपल आहे.”

“दुधाचं तसं असेल. याचं नाही. मध्ये एक टप्पा असा येतो की सगळं दगडासारखं घट्ट होतं.”

“पाणी घालून घट्ट?” त्यांनी ताईकडे बघितलं. “ऐकलंस? पाणी घालून घट्ट. तुझी बहीण पिठलं करत असेल लॅबमध्ये.”

ताई हसली नाही. ती लसूण सोलत राहिली. आतून आई मात्र बाहेर आली आणि माझ्या दंडाला धरून मला चुलीपाशी घेऊन गेली. “जावई माणूस हाय,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “उलट बोलू नको. ता करतोय ना कायतरी? करू दे.” चुलीवर जावयासाठी कोंबडी शिजत होती. जावयाने काही केलं नाही तरी ती शिजतेच.

उद्घाटनाला मी गेले, कारण काकीने फोन करून बजावलं होतं. गोठा सारवला होता, दाराला झेंडूची माळ होती, आणि एका फलकावर दाजींचा फोटो होता. बायांचा एकीचाही नव्हता. सरपंच आले. ते नारळ फोडण्यासाठीच निवडून आल्यासारखे सराईतपणे नारळ फोडतात. मग दाजींनी लॅपटॉप उघडला आणि रोजगार, स्वावलंबन, ग्रामीण ब्रँड वगैरे चित्रं दाखवली. डोक्यावर केसांत त्यांचा महागडा गॉगल खोचलेला होता. महाबळेश्वरच्या हॉटेलांना भेटून आंबेनळी घाट उतरून आले की तो डोळ्यांवरून डोक्यावर चढतो आणि मग दिवसभर तिथेच राहतो. बाया भिंतीकडेला उकिडव्या बसल्या होत्या. त्यांना लॅपटॉपपेक्षा निळ्या पिंपात काय आहे यात रस होता, आणि त्यांचं बरोबर होतं.

पिंपाचं झाकण निघालं. आत पेस्ट. चांगल्या प्रतीची होती, मी बोट लावून बघितलं. दाजी म्हणाले, “आता ही जाड आहे. हिला आपण पातळ करणार.” आणि त्यांनी बादलीभर पाणी सरळ पिंपात ओतलं.

मी काकीकडे बघितलं. काकीने माझ्याकडे बघितलं. आईने आम्हा दोघींकडे बघितलं, म्हणून आम्ही दोघी गप्प बसलो.

दाजींनी ड्रिल मशीनला रंग ढवळायचा दांडा लावून आणला होता, तोही व्हिडिओत बघून. तो आत घातला, बटण दाबलं. सुरुवातीला मशीन छान फिरलं. दाजींनी सरपंचांकडे बघून मान हलवली. मग मशीनचा आवाज जाड झाला, मग घोगरा. पेस्टची चमक गेली आणि ती धुरकट काचेसारखी दिसायला लागली. दांडा फिरायचा थांबला आणि पिंपच त्याच्याबरोबर वळायला लागलं. दाजी म्हणाले, “पाणी कमी पडलं,” आणि अजून एक बादली ओतली. ते पाणी वर तसंच साचून राहिलं. खाली गोळा, वर तळं. मशीनमधून धूर आला, तेव्हा सरपंचांना दुसऱ्या कार्यक्रमाची आठवण झाली.

“मुटकुळं झाला ओ पाव्हणं,” एक बाई म्हणाली.

“मीठ टाका. मीठ टाकलं की होतं,” दाजी म्हणाले. मिठाचं त्यांनी कुठेतरी अर्धवट ऐकलेलं होतं. पातळ झालेल्या लिक्विडला दाटपणा आणायला मीठ घालतात. घट्ट झालेल्यात घालून काय होणार? घरातून मिठाची पिशवी आली आणि दाजींनी ती रिकामी केली. मीठ त्या गोळ्यावर लोणच्याच्या बरणीत दिसावं तसं पडून राहिलं.

तोवर दाजींचा चेहरा उतरला होता. माणूस इथे ‘चुकलं’ म्हणतो आणि सुटतो. दाजींनी कमरेवर हात ठेवले, बायांकडे वळले आणि म्हणाले, “हा माल बोगस आहे. या महाडच्या कंपन्या भेसळ करतात. मुंबईला असा माल कोणी घेणार नाही.”

मला दाजींनी मूर्ख म्हटलं असतं तर चाललं असतं. पिठल्याचं बोलणं मी गिळलं होतं. पण महाडचा माल म्हणजे माझा माल. तो आमच्या कारखान्याचा होता की शेजारच्या, मला माहीत नव्हतं. पण कुठल्याशा प्रयोगशाळेत माझ्यासारख्याच एखाद्या बाईने बसून तो तपासला असणार. मी उठले.

“दाजी, गॉगल द्या.”

“काय?”

“गॉगल. आणि लॅपटॉपवर नुसता पांढरा पडदा लावा.”

त्यांनी दिला. सगळ्यांसमोर नाही म्हणायला काही कारण सुचलं नसावं. मी ताईला काचेचे दोन ग्लास आणायला सांगितले. कोणीतरी चहाचा प्लास्टिकचा पेला पुढे केला, तो नको म्हटलं, अशा गॉगलमधून प्लास्टिक स्वतःच रंग दाखवतं. एका ग्लासात पिंपातला गोळा चमच्याने खरवडून घातला. दुसऱ्या ग्लासात साधं पाणी. गॉगल पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवला, आणि एका कोनात त्याच्या काचेतून पांढरा पडदा काळाकुट्ट दिसला. बाया पुढे सरकल्या.

लॅपटॉपच्या पडद्यातून येणारा प्रकाश एकाच दिशेने थरथरत असतो, आणि या जातीचा गॉगल एकाच दिशेचा प्रकाश आत सोडतो. दोघांच्या दिशा आडव्यातिडव्या केल्या की अंधार. मध्ये पाण्याचा ग्लास धरला, अंधार तसाच राहिला. मग गोळ्याचा ग्लास धरला, आणि तो त्या काळ्यात लख्ख उजळला. कडेला जिथे थर पातळ होता तिथे निळा, पिवळा, जांभळट रंग.

“अगो बाय,” काकी म्हणाली. “डबक्यात तेल पडल्यावानी दिसतंय.”

एकेकीने गॉगल हातात घेऊन बघितलं. दाजींचा गॉगल आमच्या वाडीतल्या प्रत्येक बाईच्या हातातून फिरला आणि त्यावर ओल्या बोटांचे ठसे उमटले, हे मला तेव्हा फार बरं वाटलं.

“भेसळ असती तर एवढी शिस्त दिसली नसती,” मी म्हटलं. “पाणी कसं, कुठलाही कण कसाही फिरतो. म्हणून ते काळंच राहतं. याच्या आत सगळे कण रांगेत उभे आहेत.”

मग मी त्यांना सांगितलं, जसं मला पहिल्यांदा कुणी सांगायला हवं होतं तसं. या मालाच्या प्रत्येक कणाला एक डोकं आणि एक शेपूट. डोक्याला पाणी हवं, शेपटीला नको. पाणी थोडं असलं की ते कण शेपट्या आत करून चादरींसारखे थरावर थर लावून झोपतात. चादर चादरीवरून सरकते, म्हणून पेस्ट वाहते. त्यात अर्धवट पाणी घातलं की चादरी मोडतात आणि त्यांच्या लांब काठ्या होतात. काठ्या एकमेकींना चिकटून मोळीसारख्या उभ्या राहतात. आवळून बांधलेल्या मोळीतून एक काठी उपसून बघा, निघते का? म्हणून हा गोळा. आणि भरपूर पाणी मिळालं की काठ्याही तुटतात, बारीक गोळ्या होतात, त्या पाण्यात मोकळ्या फिरतात, आणि माल पुन्हा पातळ. धड पाणी नाही आणि धड दगडही नाही अशा या मधल्या अवस्थांना द्रवस्फटिक म्हणतात. लॅपटॉपच्या पडद्याच्या आतही वेगळ्या जातीचे द्रवस्फटिकच असतात.

“म्हंजे खराब नाय झाला?” एकीने विचारलं.

“नाही. अडकलाय फक्त.”

“मग सोडवायचा कसा?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात दाजी म्हणाले, “हे मला माहीत होतं. मी बघत होतो, तुमच्यापैकी कोणाच्या लक्षात येतंय.”

गोठ्यात कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. बाया खाली बघायला लागल्या, कुणी पदर सारखा केला. परक्या माणसाची अब्रू जाताना आमच्याकडे बाया अशाच खाली बघतात. मी मात्र दाजींकडे सरळ बघत होते. मला त्यांची दया आली नाही, आणि ती यायला हवी होती असं मला आजही वाटत नाही.

ताई दाराशी उभी होती. तिने कपबशांचं ताट खाली ठेवलं, बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि दाजींना म्हणाली, “तुम्ही घरात जा.”

“अगं, पण...”

“जा म्हणते ना. आईने जेवाय वाढलंय.”

दाजी गेले. जाताना त्यांनी लॅपटॉप घेतला, गॉगल घ्यायला विसरले.

“बोल,” ताई माझ्याकडे न बघता म्हणाली. “काय करायचा?”

“मोठी भांडी आण. त्यात स्वच्छ पाणी. गोळा तोडून तोडून त्यात सोडायचा आणि तसाच ठेवायचा. फार ढवळू नका, नुसता फेस होईल. पाणी कोमट असलं तर लवकर सुटेल. आणि हातात काहीतरी घाल, कातडी सोलवटते याने.”

तिने दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशव्या हातात चढवल्या आणि दोऱ्याने मनगटाला बांधल्या. मग कोपरापर्यंत हात पिंपात घातले. गोळा सहज तुटत नव्हता. ती तो ओढून काढायची आणि तो तिच्या हाताला लोंबत राहायचा. काकी आली, मग दुसऱ्या आल्या. लग्नाची तपेली, कपडे भिजवायचे टब, पाणी तापवायचा हंडा, जे होतं ते आणलं. मीठ पडलेला वरचा थर मी वेगळा काढायला लावला. मुंबईला गेल्यापासून ताई आमच्याकडे पाहुण्यासारखी यायची, नवऱ्याच्या मागे बसायची, विचारलं तर बोलायची. तिला असं घाम येईपर्यंत काम करताना मी कितीतरी वर्षांनी बघत होते. ती छान दिसत होती. मी तसं तिला म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिने तो गोळा मला फेकून मारला असता.

संध्याकाळच्या एसटीला ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. वाटेभर ती माझ्या दोन पावलं पुढे चालली. मग म्हणाली, “मजा आली ना तुला?”

“कशाची?”

“आव आणू नको. सगळ्यांच्या समोर गॉगल मागितलास.”

“त्यांनी सगळ्यांच्या समोर भेसळ म्हटलं.”

“त्यांना सवय नाय ऐकायची.”

“लावायला हवी होती कुणीतरी.”

“कुणीतरी म्हंजे मी,” ती म्हणाली. एसटी आली. मी चढले तेव्हा ती पाठ फिरवून चालायलाही लागली होती.

पुढच्या रविवारी गेले तर भांड्यांमध्ये गोळे नव्हते. नुसतं स्वच्छ, किंचित पिवळसर पाणी, बोटाला बुळबुळीत. काकीने ते एका तेलकट कढईवर वापरून बघितलं होतं आणि तिची कढई तिने मला मुद्दाम दाखवली. ताईने नवीन पिंप माझ्या सांगण्याप्रमाणे केलं होतं, आधी पाणी, मग पेस्ट. त्यात तिने चिमूट चिमूट मीठ घालून दाटपणा आणला होता आणि जास्त मीठ झालं की ते पुन्हा पातळ होतं हे तिचं तिनेच शोधलं होतं. मी तिला सांगायला विसरले होते. तिची बोटं मात्र सोललेली होती. पिशवी फाटली तरी तिने काम थांबवलं नव्हतं.

दाजी तोवर मुंबईला परतले होते. ताई गेली नाही. तिची मुलं मुंबईतच शाळेत आहेत, सुट्टी लागली की इकडे येतात, एरवी दाजींची आई त्यांना सांभाळते. यावर आमच्या घरात कुणी काही बोलत नाही. आई मात्र हाताची खुर्ची रोज पुसते, कारण जावई कधीही येऊ शकतो. दाराबाहेरचा फलक बायांनी उलटा करून लिक्विड गाळायच्या टेबलावर घातलाय. चांगलं जाड प्लास्टिक आहे, पुसून स्वच्छ होतं.

मी दर रविवारी जाते. ताईने मला अट घातली आहे, दाजींबद्दल बोलायचं असेल तर येऊ नको. म्हणून आम्ही दुसऱ्या गोष्टी बोलतो. थंडीत सकाळी लिक्विड गढूळ का होतं, ऊन चढलं की आपोआप स्वच्छ कसं होतं, लिंबाचा वास घातल्यावर दाटपणा का जातो. ती एकेक विचारते, मी सांगते, आणि जे मला येत नाही ते मी कारखान्यात करून बघून पुढच्या वेळी सांगते. मी शिकवलेलं इतकं नीट ऐकणारं माणूस मला आमच्या प्रयोगशाळेत मिळालेलं नाही.

दाजींचं मला काकीकडून कळतं. त्यांनी आता अळंबीची शेती हा विषय घेतलाय. अळंबीतलं मला काही कळत नाही, त्यामुळे गप्प बसावं लागतं, आणि तेच फार जड जातं.